निबंधातून काढलेली ओळ

"फॉर्म भरून देताना कुणाच्या वयाची वजाबाकी करू नकोस," खगेश्वर सर मला म्हणाले होते. "आणि हसू तर अजिबात नकोस."

मी त्यांनाच हसले. नेपाळात, भूतानमधून हाकललेल्या आमच्या लोकांच्या बेलडांगी कॅम्पमध्ये, बांबूच्या शाळेत, मला वजाबाकी शिकवली ती सरांनीच. हातचा विसरला की कान पिरगाळायचे. आता ते इथे अमेरिकेत, अ‍ॅक्रनमध्ये शाळेची बस चालवतात आणि शनिवारी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये चहाच्या थर्मासशेजारी खुर्ची टाकून बसतात. कुणाचं पत्र वाचून दे, कुणाच्या औषधाच्या बाटलीवर वेळ लिहून दे, असं त्यांचं चाललेलं असतं.

"सर, मी ट्रेनिंग घेतलंय," मी म्हणाले.

"किती दिवसांचं?"

"दोन."

"अरे वा. मग मी कशाला तोंड वाजवतोय," असं म्हणून त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

माझं काम सांगायला सोपं होतं. बारावीतल्या आमच्या मुलांना कॉलेजच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. अर्ज कुठे करायचा, निबंध कसा लिहायचा, सरकारी मदतीच्या फॉर्मवर आईबापांची कुठली माहिती भरायची. मी चौदाव्या वर्षी कॅम्पमधून इथे आले, इथेच पदवी घेतली, म्हणून लोक भरवशाने मुलं पाठवायचे. मेनुकाकडे जा, ती बघेल, म्हणायचे.

माझी बुनू तेव्हा दहा महिन्यांची होती. ती झाल्यापासून मला सारखं काहीतरी निसटतंय असं वाटायचं. खिडकीची कडी दोनदा बघायची, ती झोपली की नाकापुढे बोट धरायचं. माझा नवरा डंबर म्हणायचा, "ती घेतेय श्वास. तू घे आता." पण हीच काळजी कामात उपयोगी पडते असा माझा समज होता. माझ्या मुलांच्या फॉर्मवर एकही रकाना कधी रिकामा राहिला नव्हता.

यंदाच्या मुलांमध्ये सिर्जना ढुंगेल सगळ्यांत हुशार. इतर मुलांच्या आयांसमोर मी हे बोलणार नाही, पण खरं आहे. तिला मातीचा अभ्यास करायचा होता. कुठल्या मातीत काय उगवतं, कुठल्या मातीत विष उतरतं, असलं. इथून दोन तासांवरच्या विद्यापीठाने तिला प्रवेश दिला होता. सरकारी मदत मिळाली तरच जाता येणार होतं, मदतीसाठी तो फॉर्म भरणं भाग होतं, आणि पंधरा मेच्या आत जागा पक्की करायची होती. नाहीतर नेपाळी किराण्याच्या दुकानात संध्याकाळी ती गल्ल्यावर बसायची, तीच नोकरी दिवसभराची होणार होती.

प्रवेशाच्या निबंधात तिने आपल्या आमाबद्दल, म्हणजे आईबद्दल लिहिलं होतं. आमा शाळेत गेली नाही, बोटांच्या पेरांवर हिशेब करते, बसचा नंबर चित्रासारखा ओळखते. सुंदर लिहिलं होतं पोरीने. सहाशे पन्नास शब्दांची मर्यादा होती, मी थोडी काटछाट करून दिली, आणि तो पाठवला.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी फॉर्म भरायला मी तिच्या घरी गेले. बुनूला बरोबर घेऊन गेले होते. नॉर्थ हिलवर वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. घरात तिघी. नंदकली आमा, थोरली बहीण भगिरथी आणि सिर्जना. बा दोन वर्षांपूर्वी गेले. भगिरथी चौतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, साबणाच्या कारखान्यात दुपारपाळीला असते. तिला सगळे भगी दिदी म्हणतात.

आमाने भाजलेला मका पुढे ठेवला आणि बुनूला मांडीवर घेतलं.

"मातीचं शिकणार म्हणे," आमा सिर्जनाकडे हनुवटी करत म्हणाल्या. "आम्ही चिखलातून उठून इथवर आलो, हिला परत चिखलात जायचंय. तेही शिकून!"

"आमा, चिखल वेगळा आणि माती वेगळी," सिर्जना म्हणाली.

"पायाला लागली की सारखीच."

आम्ही सगळ्या हसलो. मी लॅपटॉप उघडला. आईचं नाव, आईची जन्मतारीख. आमाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून दिलं. एक जानेवारी एकोणीसशे एकावन्न. आमच्यात हे नवीन नाही. कॅम्पमध्ये नोंद घेणाऱ्याला तारीख सांगता आली नाही की तो एक जानेवारी टाकायचा. माझीही तीच, डंबरचीही तीच. पहिल्या तारखेला आमच्या अर्ध्या समाजाचा वाढदिवस असतो.

मी सिर्जनाची तारीख लिहिली, दोन हजार सहा, आणि सवयीने मनात वजाबाकी केली. तिथेच थांबले असते तर काही बिघडलं नसतं.

"आमा! पंचावन्नाव्या वर्षी बाळंतपण? तुमचा फोटो पेपरात यायला हवा."

"कॅम्पच्या तारखा, मेनुका दिदी," सिर्जना म्हणाली. "आमा तेवढी म्हातारी नाही."

"मग खरं वय काढू या," मी म्हणाले. खरंच म्हणाले. रकाना बरोबर भरायचा होता ना मला. "आमा, भूतान सोडलं तेव्हा किती वर्षांच्या होता?"

आमा बुनूशी खेळण्यात रमल्या होत्या. बोलून गेल्या. "थोरल्याचं लग्न झालं होतं तेव्हा. सून दोन जिवांची. मी त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असेन. ही भगी वर्षाची, पाठीला बांधलेली."

एक्याण्णव साली त्रेचाळीस. मी कागदाच्या कोपऱ्यावर आकडे मांडले आणि मोठ्याने वाचले. "म्हणजे सिर्जनाच्या वेळी अठ्ठावन्न! आमा, कागदाने तुम्हाला उलट तरुण केलंय!" आणि मी हसले.

कुणीच हसलं नाही. आमा बुनूच्या पायातला मोजा वर ओढत राहिल्या, तो वरच होता. भगी दिदी उठली. "चहा गार झाला," म्हणून तिने कप गोळा केले. कप रिकामे होते.

मी बाहेर पडले तेव्हा सिर्जना बुनूची पिशवी घेऊन गाडीपर्यंत आली. एरवी जिना उतरेपर्यंत तिचं तोंड बंद नसतं. गाडीचं दार लावताना तिने विचारलं, "अठ्ठावन्न नक्की ना?"

"अगं, अंदाजाने सांगितलं त्यांनी," मी म्हणाले. बुनू रडायला लागली होती, मला घाई होती.

पुढचे दोन शनिवार सिर्जना आली नाही. निरोप पाठवले की वाचल्याची खूण दिसायची, उत्तर यायचं नाही. तिसऱ्या शनिवारी मी थर्मासपाशी गेले.

"सर, ढुंगेलांच्या सिर्जनाचं काही कळलं का?"

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "केलीस ना वजाबाकी?"

मी हो म्हणाले.

"बस," ते म्हणाले, आणि त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. दोन हजार सहामध्ये भगिरथी सोळा वर्षांची होती. त्यांच्या शाळेतच होती. कॅम्पबाहेरच्या बाजारातला एक मुलगा, तो नंतर कुठे गेला कुणाला माहीत नाही. बाळ झालं. रेशनकार्डावर नाव चढवायला बा स्वतः गेले आणि 'माझी मुलगी' म्हणून लिहून आले. पोरीचं पुढे लग्न व्हावं म्हणून. मग तेच कार्ड इथल्या कागदांत उतरलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मलाच काय, अर्ध्या गल्लीला माहीत होतं. एका पोरीला सोडून." त्यांनी चहा ओतला. "आपल्या लोकांच्या वयांत घरंच्या घरं लपलेली असतात, बाई. कुणी भाच्याला मुलगा केलाय, कुणी सुनेला मुलगी. रेशन मिळावं, एकत्र विमानात बसता यावं म्हणून. म्हणून म्हणत होतो."

मी तशीच दुकानात गेले. सिर्जना गल्ल्यावर होती. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ मुळ्याची जुडी घेऊन उभे होते. ते गेले आणि मी काउंटरवर उगाच डाळीचं पाकीट ठेवलं.

"फॉर्मची तारीख जवळ आलीय," मी म्हणाले.

"पिशवी देऊ?"

"सिर्जना."

"पिशवी देऊ की हातात नेणार?"

मागून एक बाई म्हणाल्या, "गप्पा नंतर मारा गं, माझं दूध चुलीवर आहे." सिर्जनाने मालकिणीला हाक मारून गल्ला सोपवला आणि आम्ही मागे तांदळाच्या पोत्यांवर जाऊन बसलो. तिने एप्रनचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मी घरी विचारलं," ती म्हणाली. "आमा म्हणाली, मेनुकाला गणित येत नाही. भगी दिदी काहीच बोलली नाही. ती बोलली नाही तेव्हा कळलं."

मला माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "कागदावर आहे तसंच फॉर्मवर लिही. आपल्यापैकी कुणाचे कागद खरे आहेत? माझा तरी वाढदिवस एक जानेवारी आहे का?"

"तारीख वेगळी आणि आई वेगळी." तिचा आवाज चढला नाही. "फॉर्मच्या शेवटी सही करतात ना, वरचं सगळं खरं आहे म्हणून? निबंध पाठवला तेव्हा मला माहीत नव्हतं. आता आहे. आता मी ती सही कशी करू?"

"निबंधात खोटं काही नव्हतं. आमाने वाढवलंच तुला."

"निबंधात भगी दिदीवर एक ओळ होती. आठवते?"

मला आठवत नव्हती.

"'माझी दिदी हिवाळ्यात माझ्याआधी उठून माझे बूट हीटरपाशी ठेवते.' एवढीच. तुम्ही त्यावर लाल रेघ मारलीत. शब्द जास्त होत होते." तिने बंद सोडला. "म्हणालात, दिदीचा इथे काही संबंध नाही."

पुढून मालकीण ओरडली, "सिर्जना, कोथिंबिरीचा भाव काय आहे आज?" सिर्जनाने भाव सांगितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीही मान डोलावली होती. एकट्या तुमचं नाही."

त्या आठवड्यात बुनूला भरवताना, तिच्यासाठी द्राक्षाचे चार-चार तुकडे करताना मला ती ओळ दिसत राहिली. पोरीला शब्द कमी करायला शिकवलं, आणि कमी केलं ते काय. डंबरला सांगितलं तर तो म्हणाला, "आता नुसती रडू नकोस. कुणाला तरी विचार, ज्याचं ट्रेनिंग दोन दिवसांपेक्षा जास्त आहे."

बुधवारी गरिबांसाठी फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसतात. खगेश्वर सर आणि मी गेलो. नावं न घेता सगळं सांगितलं.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या, "खोट्या फॉर्मवर कुणीही सही करायची नाही. मुलीने नाही, आजीने नाही. आणि तुम्ही तसं सुचवायचंही नाही." मी मान खाली घातली. मग त्या बराच वेळ काहीतरी वाचत होत्या. "नोंद कुणी केली?"

"आजोबांनी. ते वारले."

"आई तेव्हा सोळा वर्षांची, मुलगी तान्ही. दोघींनीही तेव्हा कुणाला काही खोटं सांगितलेलं नाही. नोंद दुरुस्त करायचा अर्ज मी करून देईन. पण नीट ऐका, देशाबाहेर काढण्याचा धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. कमी आहे, एवढंच म्हणेन. आणि खऱ्या आईने नोटरीपुढे सही करून लिहून द्यायला हवं. विद्यापीठाशी मी बोलते."

हे सांगायला आम्ही ढुंगेलांकडे गेलो. नंदकली आमाने सरांना बसायला सांगितलं. मला सांगितलं नाही, मी उभीच राहिले.

"परत पाठवतील," आमा म्हणाल्या.

"आमा, वकीलबाई म्हणतात..."

"कुठे पाठवतील ते सांग आधी. भूतान घेत नाही. नेपाळ आपला नाही. मला या वयात कुठे टाकतील?" त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. "पोरीचे बा मरताना माझ्याकडून शब्द घेऊन गेलेत. अठरा वर्षं घर झाकून ठेवलं आम्ही. तू मका खायला आलीस आणि उघडून ठेवलंस."

"चूक झाली, आमा."

"चूक भाजीत मीठ जास्त पडलं की म्हणतात, पोरी."

सर खाली बघत होते. भगी दिदी स्वयंपाकघराच्या दारात कारखान्याचं जॅकेट घालून उभी होती. तिची पाळीची वेळ झाली होती. ती आमच्यामधून गेली आणि जिना उतरली. सिर्जना आतल्या खोलीत होती, तिचं दार बंद होतं.

आता काही होणार नाही असं मी धरून चालले. एप्रिल संपत आला होता.

त्या रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. भगी दिदी एकटीच उभी होती. आत आली, मी नको नको म्हणत असताना बूट काढून नीट लावून ठेवले, आणि खाली बसून हात पुढे केले. मी बुनूला तिच्याकडे दिलं. मी कुणाला बाळ दिलं की माझे हात तसेच खाली पसरलेले राहतात, पडलंच तर झेलायला. तिने बुनूला असं घेतलं की मी हात मागे घेतले.

"किती महिने?"

"अकरा पूर्ण होतील."

"अकराव्या महिन्यात ती चालली," भगी दिदी म्हणाली. ती कुणाबद्दल बोलतेय हे मला विचारावं लागलं नाही. "झोपडीच्या दारातून बाहेर, पाच-सहा पावलं. बांनी टाळ्या वाजवल्या, सगळी गल्ली जमली. मी नळावरून पाणी घेऊन येत होते. बादली खाली ठेवली नाही मी. ठेवली असती तर धावले असते."

बुनू तिच्या जॅकेटची चेन तोंडात घालायला बघत होती. तिने ती अलगद सोडवली.

"सहीला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"सहीला मिनिटभर. पण भगी दिदी, वकीलबाईंनी धोक्याचं सांगितलंय. मी तुम्हाला घाई करणार नाही. एकदा केली, पुरे झालं."

"ऐकलं मी त्या दिवशी. मी बहिरी नाही, गप्प आहे." ती पहिल्यांदाच किंचित हसली. "दुकानात ती रोज मुळे-कोथिंबीर मोजतेय. मी रोज तिला डबा भरून देते, ती रोज 'येते दिदी' म्हणून जाते. तिथेच राहिली तर ते माझ्या गप्प बसण्यामुळे असेल. ते मला जमणार नाही."

"आणि आमा?"

"आमा ओरडेल. मग बोलायची बंद होईल. ती सोळा वर्षांची असताना माझ्यावर ओरडली नव्हती, तेवढं उरलंय." मग स्वतःच म्हणाली, "मी सोळा वर्षांची असताना. बघ, जीभ पण वळत नाही."

मंगळवारी सकाळी आम्ही बँकेत गेलो. नोटरीचं काम तिथेच होतं. सिर्जना आली होती, पण भगी दिदीपासून दोन हात अंतर ठेवून. आदल्या दिवशी तिने वहीच्या पानावर इंग्रजी अक्षरं काढून दिली होती, भगी दिदीने ती पानभर गिरवली होती. ते पान घडी घालून तिच्या मुठीत होतं.

टेबलामागची बाई तरुण होती, चुणचुणीत. तिने कागद वाचला, ओळखपत्र पाहिलं आणि भगी दिदीला इंग्रजीत काहीतरी विचारलं. भगी दिदीला ते कळलं नाही असं नाही. दहा वर्षं कारखान्यात काढलीत तिने. पण आमच्या घरांत सवयच अशी आहे की टेबलामागून प्रश्न आला की मोठी माणसं मुलांकडे बघतात. दवाखान्यात, शाळेत, घरमालकापुढे, मूलच दोन्हीकडचं बोलतं. सिर्जना सहा वर्षांची असल्यापासून या घराची जीभ आहे. भगी दिदीने सवयीने तिच्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन सांगणार होते, पण सिर्जनाने तोंड उघडलं होतं.

"ती विचारतेय," सिर्जना म्हणाली, आणि तिला मध्येच श्वास घ्यावा लागला. "ती विचारतेय, तू माझी आई आहेस का."

बँकेत कुठेतरी नोटा मोजायचं यंत्र चालू होतं.

"सांग, हो म्हणून," भगी दिदी म्हणाली.

सिर्जना त्या बाईकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "हो. आहे."

मग भगी दिदीने घडी उलगडून पान शेजारी ठेवलं आणि एकेक अक्षर बघत सही केली. खूप वेळ लागला. मागे रांग लागली होती, पण ती बाई कुणाला काही बोलू देत नव्हती.

कुणी कुणाला मिठी मारली नाही. गाडीत बसताना सिर्जना मागे वळून म्हणाली, "दिदी, बेल्ट लाव." दिदीच म्हणाली. अजूनही दिदीच म्हणते. फक्त दोघी मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि मी पुढे एकटी गाडी चालवत होते, हे मला सिग्नलला लक्षात आलं.

विद्यापीठाने कागद मान्य केले. उशीर झाल्यामुळे राज्याची मदत हुकली, बाकीची मिळाली, वर तिथल्या वाचनालयात कामही मिळालं. नोंद दुरुस्तीचा अर्ज अजून कुठल्याशा टेबलावर आहे. पत्र आलं की वकीलबाई फोन करतात, आणि फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. ते चालूच राहणार. मी सही केली नव्हती, पण पेन माझ्यामुळे काढावं लागलं होतं.

ऑगस्टमध्ये सिर्जना गेली. जायच्या दिवशी नंदकली आमाने तिच्या कपाळाला दही-तांदळाचा टिळा लावला, भरपूर लावला, भुवयांवर ओघळला तो. बोलल्या काही नाहीत. भगी दिदीलाही लावला, तिने वाकून कपाळ पुढे केलं तेव्हा. मी जिन्याच्या खाली बॅगांपाशी उभी होते. माझ्यापर्यंत त्या आल्या नाहीत, आणि येऊ नयेच.

सिर्जना बरी आहे. प्रयोगशाळेत मातीच्या बाटल्या घेऊन काढलेला फोटो तिने भगी दिदीला पाठवला, भगी दिदीने मला दाखवला. तिची मला काळजी नाही, म्हणजे आहे, पण ती नेहमीची.

मला सांगायचंय ते आमाबद्दल.

सिर्जना शाळेतून तीनला घरी यायची. आमाला मधुमेहाची गोळी द्यायची, आलेली पत्रं वाचून दाखवायची, दारावर कोण आहे ते बघायची. आता भगी दिदी दोनला पाळीवर जाते ती थेट अकराला परतते. तेवढा सगळा वेळ त्या दोन खोल्यांत आमा एकट्या असतात. भगी दिदीशी त्या जेवणापुरतं बोलतात. हॉलमध्ये येणं त्यांनी सोडलं. दसैंच्या, म्हणजे आमच्या दसऱ्याच्या, टिळ्याला दर वर्षी त्यांच्याकडे रांग लागायची, यंदा त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या म्हाताऱ्या माणसांचं असं दार लागलं की ती स्वतःच्या जिवाचं काय करून घेऊ शकतात हे आम्हाला माहीत आहे, आम्ही ते उघड बोलत नाही. मी चार वेळा गेले. पडदा हलला, दार उघडलं नाही. खगेश्वर सर गेले, त्यांना दारातूनच "बरी आहे" म्हणून परत पाठवलं, कारण ते माझ्याबरोबर आले होते एकदा.

म्हणून तुम्हाला विचारतेय. तुम्ही नॉर्थ हिलवर राहत असाल, किंवा दुकानाला त्या बाजूला येत असाल, तर दुपारी तीननंतर कधीही त्यांचं दार वाजवा. दुकानाच्या मागच्या गल्लीतलं पिवळं घर, बाहेरून जिना, कठड्याला मोहरीच्या पाल्याच्या बादल्या. मदत करायला आलोय असं म्हणू नका, त्या आत घेणार नाहीत. म्हणा, माझा गुंद्रुक बिघडतो, पाला आंबवून किती दिवस वाळवायचा ते सांगा. ते त्यांना राहवणार नाही, त्या बादलीपाशी बाहेर येतील. आल्या की बघा, केस विंचरलेत का, आत चूल पेटलेली दिसते का, गोळ्यांची डबी भरलेली आहे का. थोडं बसा. मका पुढे केला तर खा.

माझं नाव घेऊ नका. त्या कशा आहेत एवढं मात्र मला नक्की कळवा.